छोट्या टर्बो इंजिनाचं हेड कसं बांधावं: डाय ग्राइंडरला हात लावण्याआधी

आमच्या जिन्याखाली मारुती झेनचं एक सिलिंडर हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) पडलंय. पुण्याच्या जुन्या बाजारातून एका रविवारी सकाळी घासाघीस करून उचललेलं. त्याच्या दुसऱ्या सिलिंडरच्या इनटेक पोर्टात (हवा आत जायच्या वाटेत) सुईच्या टोकाएवढं भोक आहे आणि ते मीच पाडलंय. गच्चीवर डाय ग्राइंडर घेऊन बसलो होतो, पोर्ट ‘मोठा’ करायला. पोर्ट जिथे खाली व्हॉल्व्हकडे वळतो, त्या आतल्या वळणावर बर (ग्राइंडरचं कापणारं टोक) फिरत होता आणि अचानक आवाज बदलला. भरीव लाकूड ठोकता ठोकता हातोडी रिकाम्या डब्यावर पडावी तसा. मशिन बंद केलं, बोट फिरवलं, काही लागलं नाही. मग शंका नको म्हणून पाण्याच्या वाटेत बाटलीने पाणी ओतलं. मिनिटभराने चकचकीत ॲल्युमिनियमवर एक थेंब फुगला, आणि आठवडाभराच्या मेहनतीचं पाणी झालं ते अक्षरशः.

नवीन माणूस हेडच्या कामाला हात घालतो तो बहुतेक वेळा इथूनच. पोर्ट मोठे, आरशासारखे चकचकीत, म्हणजे हवा जास्त, म्हणजे ताकद जास्त. साध्या इंजिनात यात थोडं तथ्य आहे. पण टर्बो (एक्झॉस्टच्या धुरावर फिरणारा पंखा) बसवलात की हवा ढकलायला वेगळा नोकर ठेवलाय. तेव्हा हेडवर दुसरीच कामं येऊन पडतात: आठ हजार आरपीएमला (मिनिटाला फेरे) व्हॉल्व्ह वेळेवर बंद करणं, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता बाहेर काढणं, आणि दाब वाढला तरी ब्लॉकवरून (इंजिनाच्या धडावरून) न उचललं जाणं. पैसे आणि वेळ आधी या तिघांना द्या. उरलं तर पोर्टाला.

आधी कागदावर

उदाहरणासाठी झेनचं ९९३ सीसी इंजिन घेतो, कारण मी त्याच्यातच हात काळे केलेत. चार सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ६१ मिमी. स्ट्रोक बोअरपेक्षा आखूड, हे या इंजिनाचं भाग्य. पिस्टनचा सरासरी वेग काढायचा तर स्ट्रोकची दुप्पट गुणिले आरपीएम भागिले ६०. आठ हजारला तो सेकंदाला १६.३ मीटर येतो. एस्टीमच्या १२९८ सीसी इंजिनाचा स्ट्रोक ७५.५ मिमी, तेच आठ हजार फिरवलं तर २०.१ मीटर. म्हणजे एस्टीमचा पिस्टन आणि रॉड जिथे रडकुंडीला येतात, तिथे झेनचा खालचा भाग अजून गाणं म्हणत असतो. तरी कनेक्टिंग रॉडच्या बोल्टवरचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो हे विसरू नका. सहा हजारवरून आठ हजारवर गेलात की ताण एक तृतीयांशाने वाढला असं वाटतं. प्रत्यक्षात तो १.७८ पट होतो. व्हॉल्व्ह स्प्रिंगलाही हाच नियम लागू.

तेव्हा वहीत तीन गोष्टी लिहा: किती आरपीएमपर्यंत जायचं, किती बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, बारमध्ये मोजतात) घ्यायचा, कुठलं पेट्रोल घालायचं. पहिल्या इंजिनाला ७५०० ते ८००० आणि अर्धा बार पुरे. ‘एक बार तरी हवाच’ म्हणणारा मित्र प्रत्येकाला असतो. त्याला हेड गॅस्केटचे (हेड आणि ब्लॉक यांमधलं सील) पैसे मागा, विषय संपतो.

आणखी एक, आवडो न आवडो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर जे आहे त्याच्याशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. एमएच-१२ असो की एमएच-१४, टर्बो लावलेली झेन घेऊन सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये फिरणं हे कायद्यातही बसत नाही आणि विम्यातही. हे काम ट्रॅकच्या, ड्रॅगच्या किंवा रॅलीच्या गाडीसाठी करा, आणि स्पर्धेची नियमावली आधी वाचा, कारण काही वर्गांत हेडला हात लावणंच बाद असतं.

हेड निवडणं

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. नाना पेठेत नवे-जुने सुटे भाग मिळतात. पिंपरी-चिंचवडच्या भंगारवाल्यांकडे अख्खी इंजिनं पडलेली असतात. जमल्यास एकाच जातीची दोन हेड घ्या. एक कामाला, दुसरं कापून बघायला. हो, कापून. हॅकसॉने किंवा बँडसॉवर पोर्टाच्या मधोमध उभं चिरलं की भिंत कुठे सहा मिमी आहे आणि कुठे तीन, पाण्याची वाट पोर्टाच्या किती जवळून जाते, हे डोळ्यांना दिसतं. जिन्याखालच्या हेडचा आता हाच उपयोग होतोय. मी ते भोक पाडल्यावर चिरलं. तुम्ही आधी चिरा.

उचलण्याआधी प्लगच्या भोकाचे आटे बघा, दोन व्हॉल्व्ह सीटमधला (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडांमधला) चिंचोळा पूल भिंगाखाली बघा, आणि पाण्याच्या वाटांत बोट घाला. बोअरवेलच्या नाहीतर टँकरच्या पाण्यावर चाललेल्या गाडीच्या हेडमध्ये पांढरा क्षार असा जमलेला असतो, की चहाचं पातेलं बरं. क्षार थोडा असेल तर निघतो. पण पाण्याच्या कडेचं ॲल्युमिनियम खाऊन खड्डे पडले असतील तर ते हेड तिथेच ठेवा.

घरी आणल्यावर डिझेल आणि ब्रशने धुवा, कार्बन लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. पोलादी स्क्रूड्रायव्हर गॅस्केटच्या पृष्ठभागावर नको. मग तडे शोधायला डाय पेनेट्रंट. तीन स्प्रे असतात: साफ करायचा, लाल रंगाचा, आणि पांढऱ्या डेव्हलपरचा. लाल मारा, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ थांबा, पुसा, पांढरा मारा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. भोसरी एमआयडीसीत हेडची कामं करणाऱ्यांकडे प्रेशर टेस्टही होते. पाण्याच्या वाटा प्लेट लावून बंद करतात, आत हवा भरतात आणि हेड गरम पाण्यात बुडवतात. गरमच हवं. थंड असताना बंद असणारा तडा तापल्यावर उघडतो. बुडबुडे आले की कळलं.

हेड कधी जास्त तापलेलं असेल तर ॲल्युमिनियम मऊ पडतं आणि मग किती का घट्ट करा, बोल्टखाली दबत राहतं. टूलरूममध्ये ओळख असेल तर कडकपणा मोजून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

स्प्रिंग

इथे जरा थांबू, कारण जास्त फिरणाऱ्या इंजिनाचा खरा निकाल इथे लागतो.

आठ हजार आरपीएमला क्रँकचा (पिस्टन फिरवतात त्या दांड्याचा) एक फेरा साडेसात मिलिसेकंदांत होतो. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम अर्ध्या वेगाने फिरतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला जवळपास ६७ वेळा उघडतो आणि मिटतो. एखादा कॅम क्रँकच्या २४० अंशांपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवत असेल तर उघडणं, थांबणं आणि मिटणं या सगळ्याला मिळून पाच मिलिसेकंद. मिटण्याचं काम एकट्या स्प्रिंगचं. ती कमी पडली की व्हॉल्व्ह कॅमची साथ सोडून हवेत तरंगतो, सीटवर आपटून पुन्हा उसळतो आणि शेवटी कधीतरी पिस्टनला भेटतो.

टर्बोमध्ये यावर आणखी एक भार. बूस्टचा दाब इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर बसतो आणि त्याला उघडायला बघतो. समजा व्हॉल्व्ह २८ मिमीचा. त्याचं क्षेत्रफळ ६.१६ चौरस सेंमी. एक बार बूस्टला जवळपास सव्वासहा किलोचा धक्का. स्प्रिंग सीटवर २० किलोने दाबत असेल तर तिचा जोर व्हॉल्व्हपुरता चौदाच्या आसपास राहिला. एक्झॉस्टच्या बाजूला परिस्थिती आणखी वाईट: टर्बाइनच्या आधीचा दाब वरच्या आरपीएमला बूस्टपेक्षा जास्त असू शकतो, छोटा टर्बो असेल तर दीडपट-दुप्पटही. म्हणून अर्ध्या बारला चालणाऱ्या स्प्रिंगा एक बारला अचानक ‘मिसफायर’ दाखवतात, आणि माणूस बिचारा कॉइल बदलत बसतो.

जुन्या स्प्रिंगा मोजायला मशिन नसेल तर ड्रिल प्रेस आणि इलेक्ट्रॉनिक वजनकाटा पुरतो. काट्यावर जाड पत्रा, त्यावर एका वाटीसारख्या टोपीत स्प्रिंग, आणि ड्रिलच्या चकमध्ये सपाट टोकाचा दांडा. हळूहळू खाली आणा. स्प्रिंग हेडमध्ये बसते त्या उंचीला काटा किती दाखवतो ते लिहा, मग त्यातून लिफ्ट (व्हॉल्व्ह जेवढा उघडतो ते अंतर) वजा करून त्या उंचीला किती. गॉगल लावा, स्प्रिंग निसटली तर ती शेजाऱ्याच्या खिडकीपर्यंत जाते. सगळ्या स्प्रिंगा ताडून बघा. एखादी बाकीच्यांपेक्षा बरीच हलकी निघाली तर संच बदला.

नवीन स्प्रिंग निवडताना नुसती कडक बघू नका. रॉकर (कॅम आणि व्हॉल्व्हमधली तरफ) असलेल्या हेडात गरजेपेक्षा कडक स्प्रिंग घातली की कॅमचं टोक आणि रॉकरचा पॅड घासून जातात, आणि ते पावडर होऊन तेलात फिरतं. बूस्टचा धक्का आणि वाढलेले आरपीएम भागतील एवढाच वाढीव भार घ्या.

स्प्रिंगखाली शिम (पातळ चकती) घालून भार वाढवणं हा स्वस्त उपाय. त्यात सापळा आहे. समजा बसवलेली उंची ३३ मिमी, लिफ्ट ८.५ मिमी, आणि स्प्रिंग पूर्ण दाबली की वेटोळी एकमेकांना टेकतात ती उंची २२.५ मिमी. पूर्ण उघड्या व्हॉल्व्हला स्प्रिंग २४.५ वर, म्हणजे दोन मिमी जागा शिल्लक. छान. आता खाली दीड मिमीचा शिम टाका. स्प्रिंग २३ वर येते, शिल्लक अर्धा मिमी. एवढ्यात वेटोळी टेकतात, आणि मग तुटतं ते रॉकर, रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) नाहीतर कॅम. किमान एक मिमी सोडा. तसंच रिटेनरचा खालचा भाग आणि गाइडवरचं (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो त्या नळीवरचं) ऑइल सील यांच्यात पूर्ण लिफ्टला दीड मिमी तरी हवा. उंच कॅम घालणारे हे मोजायचं हमखास विसरतात आणि मग निळा धूर बघून ‘टर्बोचं सील गेलं’ म्हणतात.

आता ग्राइंडर, पण बेताने

महत्त्वाच्या क्रमात पोर्ट शेवटी असला तरी कामाच्या क्रमात तो सीट कापण्याआधी येतो, कारण बर घसरला की सीटवर ओरखडा पडतो. जुने व्हॉल्व्ह सीटवर बसवून ठेवा, त्यांचा जीव गेला तरी चालेल.

ॲल्युमिनियमसाठी मोठ्या दातांचा कार्बाइड बर घ्या आणि मधूनमधून त्याला मेणबत्ती लावा, नाहीतर दातांत ॲल्युमिनियम भरून तो नुसता घासत राहतो. करायचं एवढंच. सीट आणि पोर्ट जिथे मिळतात तिथे कारखान्यातली पायरी असते, ती मऊ करा. ओतकामाच्या शिवणी काढा. गाइडचा फुगवटा पोर्टात फार आला असेल तर त्याला माशासारखा निमुळता आकार द्या, पण पूर्ण कापू नका; एक्झॉस्टच्या गाइडला तो आधार हवा असतो. आतल्या वळणाला फक्त कागद फिरवा. पोर्टाचं तोंड मॅनिफोल्डशी जुळवताना हवेला पुढे पायरी लागू नये हे बघा: इनटेकला मॅनिफोल्ड हेडपेक्षा किंचित लहान चालतो, मोठा नको. एक्झॉस्टला उलट.

इनटेक चकचकीत करायची गरज नाही. ८० नंबरच्या कागदाचा खरखरीतपणा ठीक. एक्झॉस्ट गुळगुळीत केलात तर कार्बन धरत नाही. किती फरक पडला हे कळायला फ्लो बेंच (पोर्टातून जाणारी हवा मोजणारं यंत्र) लागतो आणि त्यांचे आकडे बरेचदा २८ इंच पाण्याच्या दाबफरकाला दिलेले असतात. वेताळ टेकडीवर वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय आहे, पण तिथे कोणी आपलं हेड कडेवर घेऊन जात नाही. व्हॅक्यूम क्लीनर आणि पाण्याची यू-नळी यांचा घरगुती बेंच चारही पोर्ट सारखे झालेत का एवढं नक्की सांगतो, आणि आपल्याला तेवढंच हवंय. चार सिलिंडरांत हवा समान गेली नाही तर ज्याला जास्त जाते तो पहिला ठोकतो, म्हणजे त्यातलं मिश्रण अवेळी आपोआप भडकतं.

गाइड, व्हॉल्व्ह, सीट

सीट कटरचा दांडा गाइडमध्ये बसतो. गाइड ढिला तर सीट वाकडी. म्हणून आधी गाइड, मग सीट, हा क्रम कोणी कितीही घाई केली तरी बदलू नका. टर्बोसाठी फॉस्फर ब्रॉन्झचे गाइड लेथवर करून मिळतात, ते उष्णता चांगली ओढतात. इनटेकला स्टेम (व्हॉल्व्हचा दांडा) आणि गाइडमधली फट ०.०३ ते ०.०५ मिमी, एक्झॉस्टला थोडी जास्त, कारण तापल्यावर स्टेम फुगतो. एक्झॉस्टला इनटेकएवढीच घट्ट फट ठेवलीत तर व्हॉल्व्ह अडकतो.

मी दुसरं हेड भोसरीतल्या ज्यांच्याकडे नेलं ते काका एका शब्दात काम सांगून टाकणारे. मी त्यांना म्हटलं, “काका, रेसिंगचं आहे, सीट अगदी बारीक करा, अर्धा मिमी.” त्यांनी व्हॉल्व्ह हातात धरून उजेडात फिरवला आणि म्हणाले, “बारीक केली तर बसेल झकास, पण पोरा, निवेल कशी?” मी गप्प. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची ढोबळमानाने तीन चतुर्थांश उष्णता सीटवाटेच हेडमध्ये जाते. तो बंद असतो तेवढ्याच वेळात. सीट अर्ध्यावर आणली की ही वाटही अर्ध्यावर. इनटेकला एक ते सव्वा मिमी, एक्झॉस्टला दीडच्या आसपास ठेवा. तीन कोनांचा कट घ्या: ३०, ४५, ६०. बसणारा भाग ४५ चा.

व्हॉल्व्हच्या कडेची जाडी एक मिमीच्या खाली गेली असेल तर तो एक्झॉस्टला लावू नका. पातळ धार लाल होते आणि प्लगच्या आधीच मिश्रण पेटवते. धातूचं म्हणाल तर बऱ्याच पेट्रोल गाड्यांत एक्झॉस्टला २१-४एन नावाचं पोलाद असतं आणि अर्ध्या बारला ते पुरतं. इन्कोनेल हा निकेलचा मिश्रधातू पुढच्या पायरीला, सतत जास्त बूस्टवर धावणाऱ्या गाडीला. स्टेमचं सील मात्र विटोनचंच (उष्णता सोसणारं रबर) घ्या.

मग लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं. बारीक पेस्ट, रबरी चोखणीची काठी, हातांत रवी फिरवल्यासारखं. ताक करायचं नाहीये, तेव्हा दहा-पंधरा फेऱ्यांत राखाडी सलग वर्तुळ दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर जास्त घासू नका, कटिंग चुकलंय. पेस्ट पूर्ण धुऊन काढा. शेवटी पोर्टात रॉकेल ओता आणि दहा मिनिटं चेंबरकडून (हेडमधल्या, मिश्रण जळतं त्या खोलगटाकडून) बघा. ओल नको.

फेसिंग आणि चेंबर

सरळपट्टी तिरकी-आडवी ठेवून खाली फीलर गेजची पाती घाला. ०.०५ मिमीची पाती जात असेल तर फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग कापून सपाट करून घेणं. कमीत कमी काढायला सांगा. फेसिंगने चेंबर लहान होतं, आणि वरच्या कॅमच्या इंजिनात कॅम क्रँकच्या जवळ येऊन टायमिंगही किंचित सरकतं.

बहुस्तरी स्टील गॅस्केट वापरणार असाल तर पृष्ठभाग खूप गुळगुळीत लागतो, आरए (खरखरीतपणाचं माप) एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याखाली. साध्या मशिनवर काढलेल्या खरखरीत फेसवर ती गॅस्केट गळतेच. ब्लॉकचाही फेस तसाच हवा, आणि हे लोक सोयीस्कर विसरतात. तुमचा ब्लॉक तेवढा साफ होणार नसेल तर कंपनीची साधी गॅस्केट घ्या आणि बूस्ट कमी ठेवा. त्यात कमीपणा नाही.

आता चेंबर मोजा. ॲक्रिलिकच्या तुकड्याला एक भोक, ग्रीस लावून चेंबरवर चिकटवा, व्हॉल्व्ह आणि प्लग लावलेले हवेत. मेडिकलमधून २० सीसीची सिरिंज आणा आणि रंगीत स्पिरिट भरा. चारही चेंबर अर्ध्या सीसीच्या आत जुळले पाहिजेत. लहान असेल ते कागदाने थोडं मोठं करा. त्याच हातासरशी चेंबरमधल्या सगळ्या टोकदार कडा मोडा.

कॉम्प्रेशनचा, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं त्याचा, हिशोब इथेच. झेनच्या एका सिलिंडरचं आकारमान २४८.४ सीसी. समजा तुमचं कॉम्प्रेशन ९.४ निघालं, मग पिस्टन वर असताना उरलेली जागा २९.६ सीसी. ते ८.५ वर आणायला ३३.१ सीसी लागेल, म्हणजे साडेतीन सीसी वाढवायचे. ‘जाड गॅस्केट टाका’ हा पेठेतला सल्ला. ७३ मिमी भोकाच्या गॅस्केटमध्ये त्यासाठी ०.८४ मिमी जाडी वाढवावी लागते. कॉम्प्रेशन खाली येतं खरं, पण पिस्टनची सपाट कड आणि हेड यांतलं अंतर दुपटीच्या घरात जातं. ते अंतर एक मिमीजवळ असेल तर मिश्रण चांगलं घुसळलं जातं आणि ठोका कमी होतो. म्हणजे ठोका टाळायला कॉम्प्रेशन उतरवलं आणि ठोका टाळणारी गोष्टच घालवली. जागा पिस्टनच्या खोलगटात काढा, नाहीतर ९ च्या आसपास राहून बूस्ट आवरा.

स्टड

बोल्टच्या जागी स्टड आणि नट लावल्याचा फायदा असा की ब्लॉकच्या ॲल्युमिनियम आट्यांत फिरणं थांबतं; ते हाताने बसवतात आणि पीळ वरच्या बारीक आट्यांवर पडतो. भोकांच्या तळात तेल किंवा पाणी राहिलं असेल तर ते दाबून ब्लॉक फुटू शकतो, हवेने फुंकून काढा. स्टडच्या कंपनीने जे वंगण सांगितलंय तेच लावा, कारण टॉर्कचा (आवळायच्या जोराचा) आकडा त्या वंगणासाठी असतो. नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळा. टॉर्क पाना उसना आणलात तर आधी त्याची खात्री करून घ्या.

कॅम आणि माती

टर्बोला फार रागीट कॅम नको. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ जितका जास्त, तितका टर्बाइनआधीचा दाब जळका धूर परत सिलिंडरात ढकलतो. कॅमच्या इनटेक आणि एक्झॉस्ट लोबमधला (उंचवट्यांमधला) कोन ११० ते ११४ अंश, लिफ्ट थोडी जास्त, कालावधी माफक. अनेकदा कंपनीचाच कॅम पहिल्या टप्प्यात उत्तम ठरतो.

काहीही असो, व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली जागा मोजल्याशिवाय इंजिन फिरवू नका. अप्पा बळवंत चौकातून मुलांची रंगीत माती आणा. पिस्टनवर व्हॉल्व्हच्या जागी लाटलेली पोळी ठेवा, वर जरा तेल, जुनी गॅस्केट टाकून हेड आवळा, टायमिंग लावा आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे. अडकलं तर जोर लावू नका. हेड काढा, माती ब्लेडने कापा आणि सर्वांत पातळ जागा मोजा. जुनी गॅस्केट आधीच दबलेली असते, तेव्हा नव्या गॅस्केटची दबल्यावरची जाडी किती आणि तिच्यात किती फरक, तेवढं हिशोबात धरा. इनटेकला दीड मिमी आणि एक्झॉस्टला दोन मिमी तरी हवं. माती हिरवी घ्या. पिवळी तेलात दिसत नाही. हे ज्ञान दोन तास वाया घालवून मिळालंय.

प्लग आणि पेट्रोल

प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा घ्या, गॅप ०.६ ते ०.७ मिमी. इथे एक गंमत: एनजीकेमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलट. दुकानदार ‘त्यातलाच आहे’ म्हणून काउंटरवर ठेवेल. वाचून घ्या.

पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल. इंडियन ऑइलचं एक्सपी१०० हे १०० ऑक्टेनचं पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये आलं तेव्हा पहिल्या शहरांत पुणं होतं. ज्या पेट्रोलवर ट्यून केलं तेच कायम वापरा. इथेनॉलमुळे हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ वरून १३.५ कडे सरकतं, आणि एकावर जमवलेलं दुसऱ्यावर पातळ किंवा घट्ट होतं. झेनच्या वयाच्या रबरी नळ्या आधी बदला.

पहिलं स्टार्ट

प्लग काढून स्टार्टरने फिरवा, तेलाचा दाब येईपर्यंत. मग प्लग लावून चालू करा, तापमान वर येईपर्यंत रेस देऊ नका, रेडिएटरची हवा काढा. कूलंट घाला, नळाचं पाणी नको. संपूर्ण थंड झाल्यावर टॅपेटची फट (रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकामधली) पुन्हा बघा. साधी गॅस्केट असेल आणि मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर पुन्हा आवळा. स्टीलच्या गॅस्केटला बहुधा लागत नाही.

पहिले पाचशे किलोमीटर बूस्टशिवाय. मग लीकडाउन टेस्ट. प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि ऐकायचं: एअर फिल्टरकडून फुस्स आवाज म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरकडून म्हणजे एक्झॉस्ट, तेलाच्या झाकणातून म्हणजे रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे गॅस्केट. दहा टक्क्यांच्या आत असेल तर बूस्ट द्या, अर्ध्या बारपासून.

आणि टॅपेटची फट प्रत्येक वेळी लिहून ठेवा, माझी गॅरेजच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेली आहे. फट वाढली तर कुठेतरी घासतंय, एवढंच. पण एक्झॉस्टची फट आपोआप कमी होत चालली तर व्हॉल्व्ह सीटमध्ये बुडतोय किंवा उष्णतेने त्याचा स्टेम ताणला जातोय. एकदा कमी झाली तर सेट करून पुढे जा. दुसऱ्यांदा त्याच सिलिंडरची कमी झाली तर बूस्ट बंद करा आणि हेड उतरवा. माझ्या दारावर तिसऱ्या सिलिंडरपुढे ०.२०, ०.१७, ०.१३ असे आकडे आहेत, आणि त्याखाली आठवडाभरानंतरची तारीख, नव्या व्हॉल्व्हची.